सटवाजीच्या ओसरीवरचा शेंगांचा ढीग

फार वर्षांपूर्वी, जेव्हा आपल्या कुरवंडीच्या नदीला बंधारा नव्हता आणि पलीकडच्या वाडीला जायला दिवसभराचा वळसा पडे, तेव्हा गावात सटवाजी नावाचा एक घोंगडी विणणारा राहत होता. घोंगड्या त्याच्या काही धड नसत. वारा आत यायचा आणि ऊब बाहेर जायची. पण कोणत्या माणसाला कोणतं काम साधेल, हे मात्र त्याला बरोबर कळायचं. गावात म्हणच पडली होती, सटवाई कपाळावर लिहिते, सटवाजी हातात वाचतो.

त्याची रीत अशी. काम शोधणाऱ्याला तो संध्याकाळी घरी बोलवायचा. ओसरीवर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग ओतलेला असे आणि भोवती त्याची म्हातारी आई, बायको गोजरा आणि मुली शेंगा फोडत बसलेल्या असत. पाहुण्यानंही बसायचं आणि फोडायच्या. सटवाजी गप्पा मारता मारता त्याचे हात बघायचा. एका बाईनं न सांगता पोचट शेंगा बाजूला काढल्या, तिच्याकडे गावाचं बियाणं राखायला दिलं. एक गडी फोडीत कमी आणि खात जास्त होता. "ह्याला चव कळते," म्हणत सटवाजीनं त्याला आचारी केलं. त्याच्या हातच्या आमटीसाठी देवळातला देव जेवायला उतरायचा, असं म्हणतात. देवाचं मला ठाऊक नाही, पण आमटीवर माझा विश्वास आहे.

सटवाजीचा आणखी एक नेम होता. दिवेलागणीला तो घरी म्हणजे घरीच. मग पाटलाचं बोलावणं असो की सोयऱ्याचं लग्न. मुलींना त्याच्याशिवाय घास उतरत नसे आणि खरं सांगायचं तर त्यालाही मुलींशिवाय उतरत नसे. एकदा बाजाराहून येताना उशीर झाला, तर तो उंबऱ्यात पाय ठेवीपर्यंत सूर्य डोंगरावर टेकून थांबला, असं म्हणतात.

अशा सटवाजीकडे एक दिवस नागू आला. नागूनं कुंभाराची मडकी फोडली होती, धनगराच्या मेंढ्या हरवल्या होत्या आणि तेल्याच्या घाण्यावर तो बैलासकट झोपी गेला होता. शेवटी पलीकडच्या वाडीहून सासरा आला आणि लेकीला, ठकूला, तान्ह्या बाळासकट माहेरी घेऊन गेला. "काम लागलं की न्यायला या, जावईबापू," एवढंच बोलला.

"सटवाजीबाबा, लेकरू आता बसाय लागलं आसंल," नागू डोळे पुसत म्हणाला. "काय बी काम सांगा, पर सांगा."

सटवाजीनं त्याला ढिगापाशी बसवलं. नागूनं शेंगा अशा चिरडल्या की दाण्यांचं कूट झालं. तोंड मात्र थांबेना. गाणी म्हण, नकला कर, साऱ्यांना हसव. रोज संध्याकाळी हेच. सटवाजी हात बघून बघून दमला, पण त्याला काही वाचता येईना. "म्हाताऱ्याची नजर गेली," असं गाव बोलू लागलं. त्याचं त्याला काही नव्हतं. पण बापाविना दिवेलागण बघणारं ते लेकरू त्याच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि ताटातली भाकरी गोड लागेना.

एके संध्याकाळी गोजरा दिव्यात तेल घालता घालता म्हणाली, "अवं, तुमी हातच बघत बसलाय. ढीग बघा की."

"ढिगाला काय झालं?"

"ह्यो आल्यापास्नं दिवा लावायच्या आत सरतोय. एरवी जेवणं झाली तरी निम्मा उरायचा. त्येच्या गाण्यावर म्हाताऱ्या आत्याबाईंचं हात सुदिक पळत्यात!"

सटवाजी ढिगाच्या जागेकडे बघत राहिला. तिथं नुसती टरफलं होती. मग तो असा हसला की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

त्या दिवसांत नदीवर बंधाऱ्याचं काम अडलं होतं. मधल्या खिंडारात बसवायचा धोंडा जागचा हलत नव्हता. एक गडी ओढायचा तेव्हा दुसरा दम खायचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच सटवाजीनं नागूला काठावर उभं केलं. "दोराला हात लावू नगंस. नुसती हाळी दे."

नागूनं कानावर हात ठेवला आणि सूर लावला.

"नवरा रुसलाय, वाटंत बसलाय!"

"हुईस्सा!" म्हणत साऱ्यांनी एकदम ओढ घेतली.

"मांडवात चला, धोंडोबा चला!"

"हुईस्सा!"

धोंडा हलला. पुढं पुढं तर दोर सैल पडले आणि तो नवरदेवासारखा डुलत आपणहून चालला, असं म्हणतात.

पलीकडं ठकू पाणी भरत होती. तिनं आवाज ओळखला आणि घागर तिथंच ठेवली. "कोण गं वरडतंय?" बापानं विचारलं. "तुमचं जावई," ती म्हणाली, "कामाला लागल्यात!" आणि बाळाला कडेवर घेऊन ती थेट नव्या बंधाऱ्यावर चढली. तिला बघून नागूचा आवाजच गेला. तेव्हा सगळ्या गावानं त्याचं गाणं उचललं, धोंडा खिंडारात बसला आणि त्यावर पहिलं पाऊल ठकूचं पडलं. नागूनं लेकरू घेतलं ते रडत की हसत, यावर अजून वाद आहे.

गावानं सटवाजीला खांद्यावर घ्यायचं ठरवलं, पण तो सापडेना. ऊन डोंगराला लागलं होतं. तो केव्हाच घरी गेला होता.

पुढं सटवाजी भरल्या घरात, नातवंडांच्या गराड्यात म्हातारा होऊन गेला. पण अजूनही भुईमूग काढून झाला की कुरवंडीत एका संध्याकाळी घरोघर ओसरीवर ढीग ओततात आणि ज्याला काम नाही त्याला मानानं बोलावून बसवतात. वडीलधारे त्याचे हात बघतात. काही उमगलं नाही, तर त्याला कुणी निकामी म्हणत नाही. दिवा लावायला उठलेल्या घरच्या बाईकडे सगळे वळून बघतात. कारण त्या म्हणीला गावानं तेव्हाच एक शेपूट जोडलं आहे: सटवाई कपाळावर लिहिते, सटवाजी हातात वाचतो, आणि राहिलंच काही, तर गोजराला विचारा.