खरे आणि खोटे यांच्या मधली जागा

पोलंडमधल्या एका विद्यापीठात हालिना व्रोन्स्का या प्राध्यापिका तर्कशास्त्राचा वर्ग घेत. काही विधाने आज खरीही नसतात आणि खोटीही, त्यांना तिसरे मूल्य द्यावे, असे त्या तिथे शिकवत. मला ते पुरते समजले आहे, असे छातीठोकपणे सांगवत नाही. सरकारलाही समजले नसावे, कारण वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा याची चौकशी करायला कोर्साक नावाचे अधिकारी आले.

"विधान एक तर खरं, नाही तर खोटं," विद्यार्थ्यांसमोरच कोर्साक म्हणाले. "तुमचं तिसरं मूल्य घेऊन सरकारनं करायचं काय, बाई?"

"एक विधान तपासून द्या, साहेब. 'पुढच्या वर्षी हा वर्ग भरेल.' खरं की खोटं?"

खरे म्हणावे तर वर्ग वाचत होता. खोटे म्हणावे तर चौकशीआधीच निकाल ठरला होता, हे उघड होत होते.

"ते अजून ठरलेलं नाही," कोर्साक सावकाश म्हणाले.

"बसा, साहेब," बाई म्हणाल्या. "तिसरं मूल्य म्हणजे हेच. आणि तुमचंच त्यावाचून अडलं."

कोर्साक बसले. पुढच्या वर्षी वर्ग भरला.