ठिपकीचा दाणा गवतात पडला

अंगणात हिरवळ. हिरवळीत वाट. वाटेवर मुंगी. तिचं नाव ठिपकी. होतीच ती ठिपक्याएवढी! आणि भलतीच चौकस.

ठिपकी चालली घरी. तुरू तुरू, तुरू तुरू. डोक्यावर शेंगदाणा. घरी धाकटी बहीण भुकेली. सकाळपासून रडतेय बिचारी.

तेवढ्यात धप्प! दाणा पडला उंच गवतात. दिसेचना.

"गवता गवता, माझा दाणा मिळेना!"

गवत म्हणालं, "यंत्राने कापलं, तर हटेन."

"कापतं म्हणजे काय करतं? बघू तरी!" तुरू तुरू, तुरू तुरू. कोपऱ्यात उभं गवत कापायचं यंत्र.

"यंत्रा यंत्रा,
गवत हटेना,
माझा दाणा मिळेना!"

यंत्र म्हणालं, "बॅटरी भरली, तर फिरेन."

"ती कुठे असते?"

"माझ्या पोटात!"

ठिपकी शिरली पोटात. तुरू तुरू, तुरू तुरू.

"बॅटरी बॅटरी,
यंत्र फिरेना,
गवत हटेना,
माझा दाणा मिळेना!"

बॅटरी म्हणाली, "पॅनलने वीज दिली, तर भरेन."

"वीज येते कुठून?"

"या वायरीतून."

"मग मीही वायरीवरूनच जाते!" तुरू तुरू, तुरू तुरू. वायरीच्या टोकाला सोलर पॅनल.

"पॅनल पॅनल,
बॅटरी भरेना,
यंत्र फिरेना,
गवत हटेना,
माझा दाणा मिळेना!"

पॅनल म्हणालं, "ऊन पडलं, तर वीज देईन. पण बघ ना! कुमुदकाकूंनी माझ्यावर कुरडया वाळत घातल्यात."

तुरू तुरू, तुरू तुरू. काकू होत्या पायरीवर.

"काकू काकू,
पॅनल वीज देईना,
बॅटरी भरेना,
यंत्र फिरेना,
गवत हटेना,
माझा दाणा मिळेना!"

"अगं बाई! त्याला ऊन लागतं होय? मला वाटलं, नुसतंच छान तापतं! पण ओल्या कुरडया ठेवू कुठे? बाजेवर मनी झोपलीय. मांजर उठलं, तर उचलेन."

तुरू तुरू, तुरू तुरू.

"मनी मनी,
काकू कुरडया उचलेनात,
पॅनल वीज देईना,
बॅटरी भरेना,
यंत्र फिरेना,
गवत हटेना,
माझा दाणा मिळेना!"

मनीने एक डोळा उघडला. "एवढीशी तू! मी नाही उठत, जा." आणि पुन्हा घुर्र घुर्र.

ठिपकीला रडूच आलं. पण समोर मनीचं नाक. नाकाला दोन भोकं. आत काय असेल बरं? ठिपकी शिरली. तुरू तुरू, तुरू तु...

आऽऽऽक्छी!

मनी उठली.
काकूंनी कुरडया उचलल्या.
पॅनलने वीज दिली.
बॅटरी हळूहळू भरली.
काकूंनी ढकललं, गर्रर्र! यंत्र फिरलं.
गवत हटलं.
ठिपकीला दाणा मिळाला!

बहिणीने दाणा खाल्ला. कुटुम कुटुम. रडं थांबलं. ठिपकीने तिला सगळं सांगितलं, अगदी सगळं.

"ताई, मनीच्या नाकात काय होतं गं?"

"अंधार. आणि मोठ्ठा वारा!"

बहीण टुणकन उठली. "चल, मलाही बघायचंय!"