वाटी बुडेपर्यंत

एकदा एक शिष्य आपल्या आचार्यांकडे तक्रार घेऊन गेला. तक्रार वाटीबद्दल होती.

त्या विद्यापीठाचा एक जुना नियम होता. बारा वर्षे अध्ययन करून ज्याने ग्रंथ लिहिला, त्याने पदवी घेण्याआधी गावकऱ्यांसमोर उभे राहून आपण एवढी वर्षे काय केले ते सांगायचे. तो जेवलेला असे गावाच्या धान्यावर, तेव्हा विचारण्याचा हक्क गावाला होता. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. वाटी भरून बुडाली की भाषण संपले. मग आचार्य एखाद्या गावकऱ्याला विचारत, "काय कळले?" त्याला सांगता आले तर पदवी, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा. तीनदा नापास झालेल्याला नक्कलनविसाचे काम मिळे, म्हणजे जन्मभर दुसऱ्यांचे ग्रंथ उतरवून काढायचे. काम वाईट नव्हते, जेवण वेळेवर मिळे. फक्त त्या कामावर गेलेला माणूस पुन्हा स्वतःचे वाक्य लिहिताना कोणी पाहिला नव्हता.

हा शिष्य दोनदा नापास झाला होता.

त्याचा विषय होता पाणी. पंचक्रोशीतल्या चौदा विहिरींचे पाणी त्याने उकळले, आटवले, गाळले, चाखले, आणि त्यावर अकराशे पानांचा ग्रंथ लिहिला. पहिल्या वर्षी वाटी बुडाली तेव्हा तो पूर्वसूरींना वंदन करत होता. नवव्या पूर्वसूरीपर्यंत पोहोचला होता. दुसऱ्या वर्षी त्याने वंदन आवरले आणि 'पाणी' या शब्दाने आपण नेमके काय समजतो, या प्रश्नाला हात घातला. वाटी बुडाली तेव्हा पाणी म्हणजे काय नव्हे, एवढे सांगून झाले होते. आचार्यांनी पहिल्या रांगेतल्या धान्याच्या व्यापाऱ्याला विचारले, "शेठजी, काय कळले?" व्यापारी दचकून जागा झाला आणि म्हणाला, "मुलगा फार विद्वान आहे हो." त्या विद्यापीठात याचा अर्थ नापास असाच होत असे.

आता तिसरी सभा आठ दिवसांवर आली होती.

"आचार्य, वाटी फार लहान आहे," शिष्य म्हणाला. "बारा वर्षांचे काम, आणि वेळ विडा लावण्याइतका. थोडा अधिक वेळ मिळाला असता तर..."

"मिळेल," आचार्य म्हणाले. "बघतो काहीतरी."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरामागच्या अंगणात सराव ठेवला. श्रोते म्हणून तांदूळ निवडत बसलेल्या स्वयंपाकीण काकू. शिष्याने आनंदाने सुरुवात केली आणि पहिल्या वंदनालाच वाटी बुडाली. त्याने ती उचलून पाहिली.

"आचार्य, भोक मोठे झाले आहे!"

"हो. तांबटाकडून करून आणले."

"पण मी तर वेळ वाढवून मागितला होता."

"मागितला होतास," आचार्य म्हणाले, आणि आत निघून गेले.

दोन दिवसांनी भोक आणखी मोठे झाले. मोहरीएवढे होते ते ज्वारीएवढे झाले होते. सहाव्या दिवशी ते हरभऱ्याएवढे झाले. शिष्याने घसा खाकरेपर्यंत वाटी तळाला. विद्यापीठाला एका नक्कलनविसाची गरज आहे हे त्याला ठाऊक होते. आचार्य इतक्या पद्धतशीरपणे भरती करत असतील, असे मात्र त्याला वाटले नव्हते.

"शास्त्रीबुवा," काकू सुपातला खडा फेकत म्हणाल्या, "सहा दिवस ऐकतेय. माझं पोतंभर तांदूळ निवडून झालं, पण विहिरीला काय झालंय ते काही तुम्ही सांगेनात."

शिष्य चिडून काही बोलणार, तोच आचार्यांनी विचारले, "तू या विद्यापीठात पहिल्या दिवशी आलास, तेव्हा मला काय विचारले होतेस?"

शिष्याला आठवायला वेळ लागला. त्या दिवशी वाटेत तो चिंचेखालच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबला होता. तिथे एक नवी नवरी डोळे पुसत बसली होती. सकाळपासून चुलीवर ठेवलेली तिची डाळ टणकच राहिली होती, आणि सासू म्हणत होती की हिच्या हातालाच गुण नाही.

"मी विचारले होते," तो हळूच म्हणाला, "की त्या मुलीची डाळ का शिजत नाही?"

"तुझ्या अकराशे पानांत तिच्याविषयी किती ओळी आहेत?"

शिष्याने ग्रंथ उघडला आणि तसाच मिटला. त्या दिवशी सराव झाला नाही.

सभेला सारा गाव लोटला. व्यापारी तक्क्याला टेकून निजायच्या तयारीत बसला. तिसऱ्या रांगेत ती मुलगी होती. आता दोन लेकरांची आई झालेली, शेजारी सासू. आचार्यांनी वाटी पाण्यात सोडली. शिष्याला ते हरभऱ्याएवढे भोक आठवले. त्याने वंदन केले नाही, व्याख्या केली नाही.

"चिंचेखालच्या विहिरीचे पाणी चुन्याच्या दगडांतून झिरपते. तो चुना डाळीला मऊ होऊ देत नाही. ते पाणी आधी खळखळून उकळा, निवू द्या, तळाचा पांढरा साका टाकून वरचे निवळ पाणी घ्या. त्यात डाळ शिजेल. दोष डाळीचा नव्हता, आणि शिजवणारीचाही नव्हता."

डोळे मिटून तो बुडण्याच्या आवाजाची वाट पाहू लागला. आवाज आला नाही. त्याने डोळे उघडले. वाटी तरंगत होती.

पहिला उठला व्यापारी. तो चक्क जागा होता. "म्हणजे माझी तूर चांगली होती! बारा वर्षं हे लोक मला तोंडावर सांगताहेत, शेठ, जुना माल खपवतोस!"

"थांबा हो शेठजी," म्हातारी सासू म्हणाली. "महाराज, विहिरीचा दोष म्हणता, तर गेली चौदा वर्षं हिची डाळ लोण्यासारखी शिजते, ती कशी?"

शिष्याचा चेहरा उतरला. अकराशे पाने त्याच्या डोळ्यांसमोर घंगाळात बुडाली.

"मी पाणी नदीवरून आणते, सासूबाई," सून म्हणाली. "म्हणून तर रोज उशीर होतो."

"अगं बाई! आणि मी समजत होते, नदीवर गप्पा मारत बसतेस!"

"त्याही मारते."

सभा हसण्यात बुडाली. "नदीच्या पाण्यात चुना कमी!" शिष्य हर्षाने ओरडला. "आठव्या प्रकरणात आहे ते!"

"विहीर सोडावी, हे मला आठ दिवसांत कळलं होतं," ती म्हणाली. "का, ते आज कळलं. आणि आता एवढी पायपीटही नको."

मग कोणी आपल्या परसातल्या विहिरीबद्दल विचारले, कोणी हंड्यातल्या पांढऱ्या थराबद्दल. ऊन कलले तरी कोणी उठेना. काय कळले, हे विचारायचे आचार्यांच्या लक्षातच राहिले नाही. पदवी मात्र त्यांनी आठवणीने दिली.

गर्दी पांगल्यावर शिष्याने वाटी उचलली. भोक मेणाने बुजवलेले होते.

"तू वेळ मागितला होतास, मी कबूल केला होता," आचार्य म्हणाले. "आधी दिला असता, तर तू त्यात आणखी नऊ पूर्वसूरी बसवले असतेस. तुझे सांगणे वाटीने मोजायचे. त्यांचे विचारणे सुरू झाले, की ते मोजायचे नाही."

"मग अकराशे पाने वाया गेली?"

"वाया कशी? म्हातारीने अडवले तेव्हा उत्तर आठव्या प्रकरणातूनच आले ना? पाने पाठीशी असावीत. लोकांच्या डोक्यावर ठेवायची नसतात."

त्या संध्याकाळी शिष्याने ग्रंथाला एक नवे पहिले पान जोडले. त्यावर एकच ओळ होती: 'एका मुलीची डाळ शिजत नव्हती.'

आजही व्यासपीठावर कोणी 'मला वेळ फार कमी दिला आहे' अशी सुरुवात केली, की समजावे, यांच्या गुरूंनी यांची वाटी तांबटाकडे कधी नेली नाही.