गुळगुळीत कप्पी

शिडाची गलबतं कोकणच्या किनाऱ्याने ये-जा करत, त्या काळी पोशा तांडेलाच्या गलबतावर एक पितळी कप्पी होती. तिच्यावरून दोर ओढला की शीड वर चढे. घरातला जो कोणी तांडेल होई, तो पहिल्या सफरीआधी छिन्नीने तिच्यावर एक खूण करी. पोशाची खूण चौथी होती.

पुढे गलबत मोडलं आणि कप्पी घरी आली, देवाच्या फळीवर, समईशेजारी. समई लखलखीत, कप्पी काळवंडलेली. ती रोज कुरकुरे, "माझ्या अंगावर नुसते घाव."

"घाव नाहीत ते, माणसं आहेत," खुंटीवरचा जुना दोर म्हणाला. "त्यातले दोघे समुद्रातच राहिले. त्यांचं दुसरं काय उरलंय?"

"तू काथ्याचा. तुला चकाकी काय कळणार?"

नारळी पुनवेआधी सून चांगुणा समई उजळून आणायला निघाली, तशी कप्पी मुद्दाम घरंगळून तिच्या पायाशी पडली. चांगुणाने तीही नेली. तांबटाने चाकावर धरून तिला आरशासारखी गुळगुळीत केली.

पोशाला आता दिसत नव्हतं. पुनवेला तो दरवर्षीसारखा कप्पीला फूल वाहायला आला. आधी त्याने अंगठ्याने खुणा चाचपल्या. मग पुन्हा चाचपल्या. फूल त्याच्या हातातच राहिलं.

"पोरी, तांबटाकडे अदलाबदल झाली बघ," तो म्हणाला. "ही दुसऱ्या कुणाची हाय. ज्यांची असंल त्यांना देऊन ये."