शिकलेलं सगळं विसरा!

पांढरवाडीच्या गहूवाल्यांनी पोत्यामागे शेरभर गहू काढून प्रयोगाचं एक शेत उभं केलं. कोणत्या वाणावर तांबेरा रोग पडत नाही, हे तिथे शोधायचं आणि बांधावर शाळा भरवून सगळ्यांना शिकवायचं. काम शहाणपणाचं होतं, म्हणून रणधीरराजांच्या पोटात दुखलं. मोठ्या माणसांचं हे असंच असतं.

नांगर घेऊन ते स्वतः शेतावर आले. "आम्हाला ठाऊक नाही ते रयतेला ठाऊक? शेत मोडा! आणि शिकलेलं सगळं आत्ताच्या आत्ता विसरा!"

बांधावरच्या शाळेत शिकवणारी कोंडाबाई गव्हातून पुढे आली. "विसरतो की, महाराज. पण काय काय विसरायचं ते नेमकं लिहून द्या. चुकून सारा भरायचाच विसरलो तर?"

राजे दचकले. दिवाणाने लगेच फर्मान लिहायला घेतलं, ‘रयतेने पुढील गोष्टी विसराव्यात’, आणि तिथेच लेखणी अडली. पुढील गोष्टी दरबारात कुणालाच ठाऊक नव्हत्या.

"त्या आम्हाला कळायच्या कशा?" राजे ओरडले.

"शाळेत बसून. शेत उभं आहे तोवर शिकवू. पण आधी पोत्यामागे शेरभर गहू टाका. फुकट्यांना आम्ही बांधावर उभं करत नाही."

दुसऱ्या दिवशी सरकारी कोठारातला गहू आला, मागोमाग राजे आले. त्यांना शेवटच्या रांगेत बसवावं लागलं. पुढे बसले की त्यांच्या फेट्यामुळे मागच्यांना गहूच दिसत नव्हता.