चिंचेचा शेंडा

फोटो अंधाऱ्या खोलीत धुतले जायचे, तेव्हाची गोष्ट. एका स्टुडिओत एक भिंग होतं. फोटोतली बारीकशी चूकही त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि त्याचा त्याला तोरा होता.

एकदा एक नवखा कॅमेरा दारातल्या जुन्या चिंचेचा फोटो घेऊन आला.

"हललाय. शेंडाही कापला गेलाय," भिंग म्हणालं. ते खरंच होतं. कॅमेरा फोटो घेऊन परत गेला.

वैशाखातल्या वादळात चिंच उन्मळून पडली. भिंगाचं सारं आयुष्य तिच्या सावलीत गेलं होतं. त्याने कॅमेऱ्याला विचारलं, "नंतर तिचा चांगला फोटो काढला असशील ना?"

"नाही. चुकलं ते कळलं होतं, पण करायचं काय ते कळलं नव्हतं. मग पुन्हा काढलाच नाही."

दोन पावलं मागे सरक आणि क्षणभर श्वास रोखून धर, एवढंच तेव्हा सांगायला हवं होतं. भिंगाने तो जुना फोटो मागून घेतला. फोटोत शेंडा नव्हता, आणि दारात आता चिंच नव्हती.