बाळंतिणीची खिडकी

"सगळ्या फटी बुजवल्या, महाराज... तरी बाधा आत शिरली कुठनं?"

सर्जेराव बाबरांनी प्रश्न विचारला आणि लगेच पंच्याचं टोक पुढं केलं. अंगारा घेण्यासाठी. प्रश्नाचं उत्तर त्यांना नकोच होतं. मोठी माणसं बहुधा उत्तर घरूनच ठरवून येतात.

केवलपुरी गोसावी धुनीपाशी बसले होते. वय झालेलं, गुडघे पार गेलेले. दोघांनी धरून उठवल्याशिवाय उभं राहता यायचं नाही. नजर मात्र अजून टोचायची.

टेकडीवरच्या त्या मठात धुनी तीन पिढ्या पेटती होती. चार खांब, वर पत्रा, आणि चारी बाजू मोकळ्या. तिची राख अंगारा म्हणून गावोगाव जायची. तापाला, दृष्टीला, दूध आटलेल्या म्हशीला, कोर्टातल्या तारखेला.

सर्जेराव मठाचे थोरले शिष्य. गळ्यात माळ, मनगटावर जाड कडं. मठाची पाण्याची टाकी त्यांनी बांधून दिली होती. नाव टाकीपेक्षा मोठं लिहिलं होतं.

"बाधा कुणाला?" महाराजांनी विचारलं.

"सुनंला. प्रणालीला. बाळंतीण हाय."

"काय होतं तिला?"

"डोकं फुटतंय म्हणती. अन्न ठरत न्हाई. सारखी गुंगीत. पोर बी अंगावर पीत न्हाई. नुसतं पडून ऱ्हातंय."

"दवाखान्यात असताना?"

"तवा दोघंबी ठणठणीत. घरी आली आन् सुरू झालं."

महाराजांनी चिमट्यानं एक निखारा सरकवला.

"सारखंच असतं का मध्ये उतार पडतो?"

"न्हाऊ घालायला भाईर काढली की हुशारी येती. चार शबूद बोलती. परत खाटंवर टाकली की तेच." सर्जेराव पुढं सरकले, आवाज खाली आणला. "म्हंजे त्या खोलीतच काय तरी हाय, महाराज."

"आहे," महाराज म्हणाले.

सर्जेरावांचा चेहरा उजळला. आपला तर्क गुरूच्या तोंडून ऐकायला मिळणं, यापरतं सुख शिष्याला नाही.

"मी हेच म्हणत हुतो! आमची मंडळी म्हणती, परत डाक्टरला दावू. डाक्टरला काय कळतंय ह्यातलं?"

"खोली कशी आहे तुझी?"

आता मात्र सर्जेराव खुलले. मांडी बदलून बसले.

"नवा बंगला, महाराज. खालून वर सगळं शिमिट. काचंची सरकती खिडकी. तिच्या कडंनं मी सवता उभं राहून शिमिटाचा मसाला भरून घेतला, आता ती सरकत बी न्हाई. वर झरोका हुता, त्यात गेल्या सालीच इटा घालून गिलावा केला. दाराखाली गोधडी. मुंगी आत शिरून दाखवू द्या."

"आणि शेगडी?"

"खाटंखाली. कोळशाची. दिवसरात धगधगती ठेवलीया. वर ओवा, शेपा, लसणाची सालं. आन् चिमूट चिमूट तुमचा अंगारा." त्यांनी हात जोडले. "शेक-धुरीत आपण कमी पडलो न्हाई."

वारा आला. धुनीचा धूर एका बाजूला कलला, खांबांमधून बाहेर पडला, शेतांकडं निघून गेला.

महाराज त्या धुराकडं बघत राहिले...

"एवढ्या फटी का बुजवल्यास?"

सर्जेरावांच्या तोंडावरची कळा उतरली.

"गेल्या सालची चूक, महाराज. तुमाला ठावं हाय की."

ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. घरभरणी झाली आणि लगोलग प्रणाली पहिल्या खेपेची बाळंत झाली. मुलगा. नवरा फौजेत, सीमेवर. त्याला फोनवरून पोराचं तोंड दाखवलं. बारसं व्हायच्या आतच पोर झोपेत गेलं. नाव ठेवायचं राहिलं ते राहिलंच.

"खिडकीला बोटभर फट ऱ्हायली हुती," सर्जेराव म्हणाले. "मागनं सापडली मला. त्यातनं बाहेरचं वारं आत आलं आन् पोर उचललं. मी तवाच ठरवलं. पुढच्या बाळंतपणाला केसाएवढी बी फट ठेवायची न्हाई."

म्हणजे पोर गेलं त्या खोलीत एक फट होती, आणि या माणसानं वर्षभर विचार करून नेमकी तीच बुजवली होती. मन लावून, स्वतः उभं राहून.

"तुझा जन्म कुठला, सर्जा?"

लहानपणीच्या नावानं हाक आली तसे सर्जेराव चमकले.

"जुन्या घरातला. बंगला आत्ता झाला."

"तुझ्या आईला शेगडी होती?"

"व्हती तर. आजी घालायची. आमी पाच भावंडं. पाचाला बी शेक-धुरी झाली."

"किती दगावली?"

"एक बी न्हाई."

"दार लावलेलं असायचं?"

"लावल्यालंच. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं न्हाई, म्हणून."

"मग धूर कुठून जायचा?"

"धूर... कौलांतनं. कौलांच्या सांदीतनं वर जायचा. लांबनं बघितलं तर घरच पेटलंय असं वाटायचं." ते हसले.

महाराज हसले नाहीत.

"आता वर काय आहे?"

"आता वर..."

सर्जेरावांचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण त्यातला जीव गेला. त्यांनी पंच्याचं टोक मुठीत गोळा केलं.

"वर काय आहे, सर्जा?"

"...स्लॅब."

पत्र्यावर एक कावळा येऊन बसला. पाय घासत चालत गेला आणि उडाला.

"न्हाई," सर्जेराव म्हणाले. त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं. "न्हाई, महाराज. शेगडीनं कुठं काय हुतं? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. गेल्या साली तुमीच म्हणाला हुता, दार लावून घ्या आन् धुरी द्या."

"म्हणालो होतो."

"तुमचा शबूद म्हणून..."

"म्हणालो होतो. माझे गुरू म्हणायचे, म्हणून मीही म्हणालो. त्यांनी स्लॅबचं घर बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं. तुझ्या घरभरणीला पाट मांडून बसवलं होतंस मला." महाराजांचा आवाज खरखरीत झाला. "बासुंदी खाल्ली. वर मान करून बघितलं नाही."

सर्जेराव काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. कानाला लावायचीही गरज पडली नाही. त्यांच्या मंडळींचा, कलावतीबाईंचा आवाज मोठाच होता, आणि घाबरल्यावर बाई हळू बोलत नाहीत.

"अवो, ऐकताय न्हवं? प्रणाली उठवून उठंना झालीया! डोळं उघडती आन् मिटती. मगाशी एवढंच म्हणाली, आत्या, खिडकी उघडा. उघडू का? काच फोडू का? सांगा की!"



"कलावती," महाराज ओरडले. एवढा मोठा आवाज त्या छातीतून येईल असं वाटलं नव्हतं. "दार उघड. खिडकी फोड. दोघांना अंगणात काढ आणि शेगडी बाहेर फेक!"

पलीकडं हुंदका.

"महाराज... ह्यांनी शपथ घातलीया मला. बाळाची. न्हाऊ घालायची येळ सोडून मी सांगितल्याबिगर फट उघडलीस तर ह्ये बी जाईल म्हणाले. पैलं तसंच गेलं, महाराज. माझ्या हातनं दुसरं नगं जायला. त्यांना म्हणावं, सुटली म्हणा. एकदा म्हणा, लगेच उघडती."

ही शपथेची रीत. घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटलं की सुटली. लहान पोरं खेळताना दिवसात दहा वेळा घालतात आणि दहा वेळा सोडतात. बंद खोलीत दोन जीव घुसमटत होते, दाराशी एक बाई हात बांधल्यासारखी उभी होती आणि सगळं या एका शब्दावर अडलं होतं. ऐकणाऱ्याचा संताप व्हावा, दुसरं काय.

"म्हण," महाराज म्हणाले.

सर्जेरावांनी फोन तोंडाजवळ नेला. ओठ हलले.

मग त्यांनी फोनवर तळहात दाबला. पलीकडं ऐकू जाऊ नये म्हणून.

"महाराज..."

"आधी म्हण."

"खिडकी उघडली आन् ह्ये पोर जगलं..." त्यांचा आवाज फुटला. मोठे सर्जेराव बाबर, टाकीवर नाव असलेले, लहान मुलासारखे बघत होते. "तर गेल्या सालचं कुणी मारलं?"

महाराजांनी फोनकडं बोट दाखवलं.

"मीच शेगडी सरकवली हुती खाटंखाली. जास्त कोळसा मी घातला. पोरीनं तवा बी म्हटलं हुतं, मामा, जीव घाबरतोय. मीच म्हटलं, कळ काढ." त्यांनी फोन छातीशी धरला. "पोराच्या बापाला काय सांगू? तो सीमेवर उभा हाय. घर माझ्या हवाली करून गेलाय. त्याला सांगू, की मीच..."

फोनमधून दबलेला आवाज येत होता. "अवो... अवो..."

"फट ऱ्हायली म्हणून पोर गेलं," सर्जेराव म्हणाले. आता ते विनवत होते. "तसंच असंल, महाराज. तसंच आसू द्या. एक चिमूट अंगारा द्या. आजवर कंदी मोकळ्या हातानं पाठवलं न्हाई तुमी."

त्यांनी पंचा पसरला. एका हातानं पंचा, दुसऱ्या हातानं दाबलेला फोन.

महाराजांनी हात लांब केला.

सर्जेरावांना वाटलं, राख घेतायत. त्यांनी मान खाली घातली.

महाराजांचा हात राखेकडं गेलाच नाही. शेजारी पाण्यानं भरलेला कमंडलू होता, तो त्यांनी उचलला. थोडं पाणी मांडीवर सांडलं. मग त्यांनी तो धुनीवर सगळाच्या सगळा उपडा केला.

चर्रर्र झालं. वाफ उसळली.

"महाराज!" सर्जेराव किंचाळले. "तीन पिढ्यांची धुनी..."

महाराजांनी चिमटा घेतला आणि उरलेले निखारे एकेक करून पाण्यात दाबले. सावकाश नाही, घाईनं. एक राहिला होता, तोही शोधून दाबला. गुरूंनी त्यांच्या हाती सोपवलेली एवढी एकच गोष्ट होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरानं असेल. पण चारी बाजू मोकळ्या असलेल्या जागेत धूर कितीसा थांबणार?

धुनीत काळा चिखल उरला.

सर्जेरावांच्या हातातला पंचा गळून पडला होता. फोनवरचा तळहातही ढिला पडला होता. पलीकडून बाईचा आवाज पुन्हा स्पष्ट येऊ लागला. ती आता काही विचारत नव्हती. नुसती सुनेला हाका मारत होती.

"प्रणाली... ए प्रणाली... ए माझ्या बाई..."

महाराज वाकले. गुडघ्यांवर सरकत, चिखल तुडवत, सर्जेरावांच्या अगदी समोर आले. गुरूनं शिष्यापुढं असं यायचं नसतं. त्यांनी आपले काळे झालेले हात सर्जेरावांच्या पायांवर ठेवले.

"गेल्या सालचं पोर माझ्या अंगाऱ्यानं गेलं, सर्जा. तुझ्या मुलाला तसंच सांग. गावाला सांग. गोसाव्यानं मारलं म्हण... आता तरी सुटली म्हणशील?"